भिंत हिरवी, रिपोर्ट बेपत्ता

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच घालते आहे; कंबर धरली आहे, भाव समजून घ्या). तुम्ही डोळ्यांत थेंब वेळेवर घालत असाल आणि कानातलं यंत्र टेबलाच्या खणात नसून कानात असेल, असं धरून चालते. मामींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही "ठीक" एवढंच लिहिलं होतंत. त्या शब्दावरचा माझा विश्वास हल्लीच उडाला आहे, तेव्हा किती जिने चढतात, उतरताना कठडा धरतात का, हे सविस्तर कळवा.

फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि तेवढंही तुम्ही मामींना चुकीचं सांगता. शिवाय ही कटकट तुमच्याशिवाय कोणाला सांगणार? सिग्नलच्या केबिनमध्ये बसून लाल-हिरव्याशी जन्मभर संसार केलेलं आपल्यात दुसरं कोणी नाही. तर ऐका. येत्या गुरुवारी आमच्या ऑफिसात चौकशी आहे. चौकशीनंतर एका माणसाची नोकरी जायची आहे हे ठरलेलं आहे. कोणाची, तेही जवळपास ठरलेलं आहे. आता चौकशी तेवढी व्हायची राहिली आहे.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहेच. लॅबमध्ये रक्त दिलं की दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट येतो, तो लॅब पाठवत नाही, आम्ही पाठवतो. साठ लॅब आमच्याकडे आहेत. पूर्वी यासाठी मागच्या खोलीत एक सर्व्हर होता. खोली गरम व्हायची, पंखा घरघरायचा, आणि घरघर बदलली की तिथून जाणारा कोणीही म्हणायचा, आज काहीतरी बिनसलंय. मग आमचे साहेब एका परिषदेला जाऊन आले (यांना आम्ही दूरदृष्टी म्हणतो, कारण समोरची खुर्ची न दिसता पाच वर्षांनंतरचं सगळं त्यांना दिसतं) आणि आल्या आल्या म्हणाले, आपण सर्व्हरलेस व्हायचं. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसलेलं, असा तुमचा समज होईल. तसं नाही. सर्व्हर असतो. फक्त तो आपला नसतो, कुठे ठेवलाय ते सांगत नाहीत, आणि त्याच्याजवळ जाऊन घरघर ऐकायची सोय नसते. या सुखासाठी आम्ही मागच्या खोलीतला सर्व्हर भंगारात दिला आणि तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्या.

आता काम कसं चालतं ते सांगते. तुम्हाला हसू येईल, पण यंत्र कानात ठेवा. रिपोर्ट तयार झाला की लॅबकडून तशी चिठ्ठी एका पेटीत पडते. चिठ्ठी पडली की कुठूनसा एक कामकरी जागा होतो (माणूस नव्हे, प्रोग्रॅमचा तुकडा, पण माणूस समजा, सोपं जातं). तो रिपोर्टची फाईल करतो, पुढच्या पेटीत चिठ्ठी टाकतो आणि नाहीसा होतो. त्या चिठ्ठीने दुसरा जागा होतो, पेशंटचा नंबर शोधतो, आणखी पुढच्या पेटीत चिठ्ठी टाकतो आणि तोही नाहीसा होतो. असे सात जण. कोणी कोणाला ओळखत नाही, आधी कोण होता आणि नंतर कोण येणार याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. चिठ्ठी पडलीच नाही तर कोणीच जागं होत नाही, आणि आपण झोपून राहिलो हेही कोणाला कळत नाही. साहेब याला "सैल जोडणी" म्हणतात, आणि म्हणताना दोन्ही हात असे पसरतात की शेजारी बसलेल्याने चहा बाजूला घ्यावा.

या अदृश्य मंडळींवर नजर ठेवायची कशी, हा प्रश्न आलाच. तो सोडवायला एक विक्रेता आला. त्याचं नाव आम्ही दुर्बीण ठेवलं. तो म्हणाला, मॉनिटरिंग आता जुनं झालं, तुम्हाला हवी आहे ऑब्झर्व्हेबिलिटी. (हा शब्द साहेबांना आजतागायत एका दमात म्हणता आलेला नाही. मध्ये एकदा तरी पाणी पितात.) दोन्हींत फरक काय, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की पोट दुखतंय हे कळणं म्हणजे मॉनिटरिंग, आणि काय खाल्ल्याने दुखतंय हे बाहेरूनच कळणं म्हणजे ऑब्झर्व्हेबिलिटी. आमच्या भिंतीने पुढे जे केलं ते या दोन्हींत बसत नाही. तिने नऊ दिवस आम्हाला पोट आहे हेच कबूल केलं नाही. भिंत म्हणजे सहा मोठे पडदे. त्यांवर प्रत्येक लॅबचा एक चौकोन, हिरवा किंवा लाल, आणि खाली वळवळणाऱ्या रेघा, ज्यांचा अर्थ विचारला तर दुर्बीण "त्यावर वेगळं प्रशिक्षण आहे" असं सांगतो. ऑफिसात पाहुणे आले की साहेब आधी भिंत दाखवतात, मग बसायला सांगतात.

आणि या भिंतीच्या अगदी समोर, पाहुण्यांच्या वाटेतच, आमचे फोनवाले बसतात. यांना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. पेनाचं टोपण न हरवता एकच पेन अकरा वर्षं वापरणारा माणूस. यावरून काय ते ओळखा. रोज सकाळी अकराला ते वायरचा फोन उचलायचे, चार-पाच लॅबच्या काउंटरवर फिरवायचे आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काल किती गेले? रिपोर्ट आला नाही म्हणून कोणी आलं होतं का?" उत्तर वहीत लिहायचे, टोपण लावायचे. सहा पडदे समोर झळकत असताना हे असं किराणा दुकानातल्यासारखं ओरडून विचारणं, मामा, कोणाला शोभतं? पाहुणे भिंत सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचे. शेवटी महिन्यापूर्वी कोणीतरी त्यांना सांगितलं की हे फोन आता पुरे. त्यांनी फोन बंद केले. वाद घालायला हवा होता, पण त्यांना वाद घालता येत नाही.

मग व्हायचं ते झालं. साठांपैकी चार लॅबनी नवी यंत्रं घेतली. त्या यंत्रांच्या कंपनीने आधी मेल पाठवून कळवलं होतं की या लॅबच्या चिठ्ठ्या आता जुन्या पेटीत पडणार नाहीत, नव्या पेटीत पडतील, तर तुमचा कामकरी नव्या पेटीशी बसवा. साहेबांनी तो मेल वर "माहितीसाठी" असं लिहून सगळ्यांना पुढे पाठवला आणि स्वतः हात झटकून मोकळे झाले. कोणीतरी त्याला "नोंद घेतली" असं उत्तरही दिलं. नोंद कुठे घेतली ते देव जाणे. ठरलेल्या दिवशी चिठ्ठ्या नव्या पेटीत पडायला लागल्या आणि आमचा कामकरी जुन्या पेटीशी घोरत राहिला. चिठ्ठी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून चूक नाही. भिंतीवर त्या चार लॅबच्या चुका शून्य, उशीर शून्य, तक्रारी शून्य. पाचव्या दिवशी साहेबांनी पाहुण्यांना हेच चौकोन बोट दाखवून दाखवले आणि म्हणाले, इतकी स्थिर कामगिरी मी आजवर पाहिली नाही. आम्हाला कौतुकाचं पत्र मिळालं. ते अजून माझ्या टेबलावर आहे, उलटं करून ठेवलंय.

तुम्ही विचाराल की माहितीच येत नव्हती तर चौकोन हिरवा कसा? नेमकं इथेच घोडं पेंड खातं. प्रत्येक चौकोनामागे एक प्रश्न असतो, की काहीच कळलं नाही तर काय समजायचं, धोका की ठीक? तुम्ही मला सात वर्षांची असताना केबिनमध्ये उभं करून सांगितलं होतंत की दिवा विझलेला दिसला तर तो लाल आहे असंच समजायचं आणि गाडी थांबवायची. रेल्वेच्या साध्या केबिनला जे शंभर वर्षांपूर्वी कळलं ते आमच्या सहा पडद्यांना कळू नये? आधी तिथे "धोका" असंच होतं, पण सुट्टीच्या दिवशी लॅब बंद, म्हणून चिठ्ठ्या नाहीत, म्हणून ऐन दुपारी मोबाईलवर धोक्याची घंटा. असं तीन-चार सुट्ट्या झालं. मग कोणीतरी त्या प्रश्नापुढे "ठीक" निवडून टाकलं, एका लॅबसाठी नाही, साठच्या साठ लॅबसाठी, एका दमात. घंटा थांबली. सगळे सुखाने झोपले.

नवव्या दिवशी एक मुलगी आली, विशी-बाविशीची, हातात लॅबची पावती. तिचे वडील सुतार. त्यांनी आठ दिवसांपूर्वी रक्त दिलं होतं, निरोप आला नाही, तेव्हा काही निघालं नसेल असं म्हणून ते कामावर गेले आणि शिडीवर असताना चक्कर येऊन पडले. खांदा निखळला, तो बसवला. पण हॉस्पिटलात साखर मोजली ती पाचशेच्या वर. (आता बरे आहेत, मंगळवारी घरी सोडतील. मी रोज विचारते.) मुलगी लॅबमध्ये गेली, लॅबने आमच्याकडे पाठवलं. ती भिंतीसमोर उभी राहिली, आपल्या लॅबचं नाव शोधलं आणि विचारलं, "हिरवं म्हणजे काय?" साहेब म्हणाले, "सगळं ठीक." ती म्हणाली, "मग बाबांचा रिपोर्ट दाखवा."

दुर्बीण त्या दिवशी योगायोगाने ऑफिसातच होता, नवीन पडदे खपवायला. त्याने पुढे होऊन बटणं दाबली. त्याच्या यंत्रणेत म्हणे प्रत्येक चिठ्ठीचा माग लागतो, कोणत्या पेटीतून कोणत्या पेटीत गेली, कोणी किती वेळ घेतला, रंगीत रेघेसकट. त्याने सुतारांचं नाव घातलं, तारीख घातली, पावतीचा नंबर घातला, आणि शेवटी घसा साफ करून त्या मुलीला सांगितलं की सिस्टीमच्या दृष्टीने तुमच्या वडिलांनी रक्तच दिलेलं नाही. मुलीने पावती त्याच्या नाकाला लागेल इतकी जवळ धरली.

तेवढ्यात फोनवाल्यांनी फोन उचलला. कोणाला विचारलं नाही, परवानगी मागितली नाही. पलीकडच्या काउंटरवरच्या बाईंचा आवाज आम्हाला इथवर ऐकू आला, "अहो, होतात कुठे इतके दिवस? यादी कधीची करून ठेवलीय, तुमचा फोन येईल तेव्हा द्यायला." चारही लॅबची हीच कथा. लोक येऊन विचारत होते, बायका यादी करत होत्या आणि अकराच्या फोनची वाट बघत होत्या. चार मिनिटांत रोग कळला, अर्ध्या तासात नवी पेटी सापडली. आत चौदाशे अठरा चिठ्ठ्या पडून होत्या. त्यांतल्या सदतीस चिठ्ठ्यांवर "ताबडतोब डॉक्टरांना भेटा" अशी खूण. फोनवाल्यांनी त्या सदतीस जणांना स्वतः फोन केले, एकेकाला नीट समजावून, संध्याकाळपर्यंत. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. दुर्बीण मात्र वेळेवर जेवला आणि जाताना सांगून गेला की या अनुभवावरून तुम्हाला आमची वरच्या दर्जाची योजना लागेल असं दिसतं.

आता चौकशी. साहेबांनी तिला "दोषमुक्त चिंतन" असं नाव दिलं आहे. आम्ही सगळ्यांनी गोल बसायचं, कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त शिकायचं. दोष कोणाला द्यायचा ते वरच्या मजल्यावर वेगळं ठरतंय, कारण लॅबवाल्यांना कोणाला तरी काढलं असं कळवावं लागणार आहे. ती "ठीक" ची निवड कोणी केली हे यंत्रणेत सापडत नाही, कारण आम्ही सगळे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत शिरतो (पासवर्ड भिंतीच्या खाली कागदावर चिकटवलेला आहे). आणि अशा वेळी आमच्या या फोनवाल्यांनी काय करावं? कोणी मागितला नसताना कागद लिहून दिला. मूळ कारण: मी रोजचे फोन थांबवले, सांगितलं तरी थांबवायला नको होते. खाली सही, तारीख, टोपण. साहेबांचा जीव भांड्यात पडला. सगळा मजला हलक्या पावलांनी चालायला लागला. इतका खुळा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, मामा. ज्याने एकट्याने काम केलं तोच स्वतःच्या गळ्यात धोंडा बांधून उभा राहिला, आणि आम्ही बाकीचे दोर पुरतोय का ते बघतोय.

असो. फार लिहिलं. मामींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला वेगळा.

तुमची भाची

ता. क. १. वर तीन ठिकाणी "कोणीतरी" असं लिहिलं आहे. तिन्ही ठिकाणी मी आहे. मेल न वाचता "नोंद घेतली" मीच कळवलं. फोनवाल्यांना मीच पाहुण्यांसमोर म्हणाले की आपल्याकडे एवढी भिंत असताना हे काय चालवलंय. ते "बरं" म्हणाले. आणि "ठीक" ची ती निवड मी एका सुट्टीच्या दुपारी पलंगावर आडवी पडून, लॅपटॉप पोटावर ठेवून केली. जांभई देत केली, हेही सांगून टाकते.

ता. क. २. फोनवाल्यांचा तो कागद परवापासून माझ्या पिशवीत आहे. त्यावर गटप्रमुख म्हणून माझी सही लागते. एवढं लांबलचक पत्र खरं तर यासाठी लिहिलंय. आई सांगायची की एकदा तुमच्या हातून मालगाडी चुकीच्या लाइनवर गेली आणि तासभर उभी राहिली. कोणाला इजा नाही, कोणाच्या लक्षात आलं नाही, वहीत काही लिहायची गरज पडली नसती. आणि तरी तुम्ही ड्यूटी संपल्यावर स्वतः साहेबांच्या खोलीत गेलात. मामा, आत गेल्यावर पहिलं वाक्य काय बोललात? तेवढं एकच वाक्य मला हवं आहे. मामींना सांगून बुधवारपर्यंत फोनवर कळवा, तुमच्याच शब्दांत, त्यांना त्यात भर घालू देऊ नका.

ता. क. ३. (सोमवार, दुपार. पाकीट पुन्हा उघडलं आहे, म्हणून कडेला फाटलंय.) सकाळी फोनवाल्यांकडे गेले आणि कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे मला. त्या सुट्टीनंतरच्या सोमवारी चहाच्या वेळी तुम्हीच सांगत होता की आता सुट्टीत घंटा वाजत नाही." मी विचारलं, मग स्वतःचं नाव का लिहिलंत? ते म्हणाले, "दोन दिवस वाट पाहिली. तुमच्याकडून काहीच आलं नाही. म्हटलं, तुमचं न सांगायचंच ठरलं असेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. कागद मी त्यांना परत दिला. गुरुवारी गोल बसायच्या आधी मी एकटी साहेबांच्या खोलीत जाणार आहे, तसं त्यांना आणि साहेबांच्या सेक्रेटरीला सांगून ठेवलंय, म्हणजे मागे फिरायची सोय नको. तेव्हा पहिल्या वाक्याची आता गरज नाही. फक्त एवढं कळवा, की त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुम्हाला जेवण गेलं का.